ज्यांना वेस्टर्न हवे आहे

"चाळीस वर्षं झाली, पण ही घोड्यांची धूळ काही माझ्या संसारातून हलत नाही."

काकू हे कपाटाला सांगत होत्या. नकाशेकाका कपाटापासून हातभर अंतरावरच खुर्चीत बसले होते, पण काकूंची तक्रार कधी थेट माणसाकडे जात नसे. ती आधी कपाटाकडे, तिथून पंख्याकडे आणि मग वळसा घेऊन काकांकडे यायची. "एका सिनेमात तरी बाईमाणूस धड वाक्य बोलतंय? नुसती दारात उभी. लांबून घोडा आला की डोळ्यांवर हात. धूळ उडवायची त्यांनी, पुसायची मी."

चारशे बाराव्या सिनेमाला तीन नाल द्यावेत की चार, या विवंचनेत काका होते.

नकाशे हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांची उभी नोकरी जमिनीचे नकाशे काढण्यात गेली, म्हणून इमारतीत तेच नाव पडलं. नोकरी सरळ रेषांची, पण जीव सगळा वेस्टर्न सिनेमात. ओसाड गाव, एक शेरीफ, एक घोडा आणि न्याय; यापलीकडे माणसाला काय लागतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची नोंद लांब वहीत, नकाशाच्या टाकाने. लोक तारे देतात, काका नाल देत. एक नाल म्हणजे सिनेमात घोडा आहे, बाकी काही नाही. तीन नाल म्हणजे लंगडतो, पण मुक्कामाला पोहोचतो. चार नाल आजवर फक्त सहांना. वहीत सिनेमांची नावं नव्हती. नावं पाठ करणं हे परीक्षेला बसणाऱ्यांचं काम. शौकीन खुणेनं ओळखतो. 'विहिरीचा', 'डावखुऱ्या शेरीफचा', 'ज्यात न्हावीच चोर निघतो तो'.

एवढी विद्या, पण एक शल्य होतं. चाळीस वर्षांत एकाही माणसानं त्यांना "काका, एखादा चांगला वेस्टर्न सुचवा हो" असं म्हटलं नव्हतं. आपणहून सुचवून पाहिलं होतं. दाताच्या डॉक्टरांना एकदा 'विहिरीचा' सुचवला, पण तेव्हा काकांच्या तोंडात कापूस होता, आणि डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूची दाढ काढली. त्या दिवसापासून काकांनी नियम केला: ज्याला गोडी नाही त्याला सुचवायचं नाही. सुचवायचं ते शौकिनालाच. अडचण इतकीच होती की शौकीन कुठे राहतात, याचा नकाशा कोणी काढलेला नव्हता.

"एवढ्या मोठ्या इमारतीत एकही नसेल?" काका त्या दिवशी म्हणाले.

"फळ्यावर लावा नोटीस," काकू फडकं झटकत म्हणाल्या. हा सल्ला नव्हता, टोमणा होता. पण काकांना टोमणे ऐकू येत नसत. त्यांना फक्त त्यातली सूचना ऐकू येई. चाळीस वर्षांचा संसार असा टिकतो.

तळमजल्यावरच्या फळ्यावर काही लावायचं तर सचिवांची सही लागे, आणि सचिवांचा नियम होता: पंधरा शब्द. मागे एका भाडेकरूनं हरवलेल्या छत्रीवर आठ कडव्यांची कविता लावली होती, तेव्हापासूनचा. काकांनी बावीस ओळींचं निवेदन नेलं. सचिवांनी ते वाचलं नाही, मोजलं. दोन दिवस आणि चार खेपांनंतर गाडी सतरा शब्दांवर येऊन अडली.

"दोन काढा," सचिव पेन्सिल पुढे करत म्हणाले.

"'आपले' काढू?"

"उद्धट वाटेल."

काकांनी कागदाकडे पाहिलं. 'ज्यांना वेस्टर्न सिनेमा सुचवून हवा आहे' अशी सुरुवात होती. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एक मंद, जाणकार हसू आलं. "सिनेमा काढा. 'सुचवून' पण काढा. शौकिनाला वेस्टर्न म्हटलं की पुरे. पुढचं सगळं बिगरशौकिनांसाठी."

सचिवांनी दोन शब्द कापले. सिनेमा गेला तशी 'हवा'ची गरज उरली नाही. सचिव व्याकरणात काटेकोर, त्यांनी तिथे 'हवे' केलं. आणि काचेआड सही-शिक्क्यानिशी सूचना झळकली:

'ज्यांना वेस्टर्न हवे आहे त्यांनी तिसऱ्या मजल्यावर नकाशेकाकांकडे आपले नाव, वय व अपेक्षा नोंदवून जावे.'

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तळमजल्यावर इमारतीचा हॉल होता आणि हॉलला लागून एक खोली होती, जिचं नाव त्या इमारतीत कोणी घेत नसे. 'तिकडे' म्हणत, 'जाऊन येतो' म्हणत. ती होती जुन्या पद्धतीची, उकिडवं बसायची, आणि इमारतीतले गुडघे आता साठीच्या पुढचे होते. दोन वर्षांपासून सभेच्या इतिवृत्तात एकच ओळ येत होती: 'त्या विषयावर चर्चा झाली.' कधी कोणी धीर करून 'वेस्टर्न बसवून टाकू' म्हणे, की बाकीचे छताकडे पाहत. त्यामुळे नोटीस वाचून कोणालाही नवल वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की समितीनं अखेर शहाणपणा केला आणि काम नकाशे काढणाऱ्या माणसाच्या हाती दिलं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी बेल वाजली. दारात पहिल्या मजल्यावरच्या हेडबाई. बत्तीस वर्षं शाळा चालवून निवृत्त झालेल्या, दोन्ही गुडघे बदललेल्या, पण आवाज मूळचाच.

"वाचलं मी," त्या खुर्चीत जपून टेकत म्हणाल्या. "बरं झालं, कोणीतरी पुढाकार घेतला. मला हवंय."

चाळीस वर्षं काकांनी ज्या वाक्याची वाट पाहिली, ते असं सकाळी साडेनऊला, चष्मा लावून, समोर येऊन बसलं होतं.

"कधीपासून?" त्यांनी हळुवारपणे विचारलं.

"ऑपरेशनपासून. त्याआधी मी कधी त्या वाटेला गेले नव्हते. आता दुसरं काही जमतच नाही."

काकांनी मान डोलावली. आजारपणात माणसाला वेस्टर्न कसा हात देतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी वही उघडली. "लांबलेलं चालेल, की थोडक्यात आटोपणारं?"

बाईंनी चष्मा सारखा केला. "म्हणजे?"

"आवडीचा प्रश्न आहे. काहींचं दीड तासात उरकतं. अस्सल रसिक सव्वातीन तास बसतात."

"सव्वातीन तास! त्यांनी डॉक्टरला दाखवायला हवं."

"बरं, रंग?"

"पांढरं."

"नुसतं पांढरं मिळत नाही बाई. काळं-पांढरं."

"काळं कशाला मध्येच? डाग दिसत नाहीत काळ्यावर."

'प्रिंटच्या दर्जाबद्दल चोखंदळ,' काकांनी टिपून घेतलं. "आणि आवाज? कितपत चालेल?"

बाई उठल्या. गुडघे बदललेल्या बाईच्या मानानं फारच झटकन उठल्या. "नकाशेकाका, बत्तीस वर्षं शाळा चालवली मी. मुलांनी, पालकांनी, निरीक्षकांनी नाही नाही ते विचारलं. हे कोणी विचारलं नव्हतं." आणि दारापर्यंत जाऊन, गरज ती गरज म्हणून, मागे न पाहता म्हणाल्या, "बेताचा."

स्वयंपाकघरात एक पातेलं पडलं. काका आत गेले तर काकू ओट्याला टेकून पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

"अगं, तूही भारावलीस?" काका गहिवरून म्हणाले.

काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण काकांच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं, जसं नोकरीत त्यांचा नकाशा पहिल्यांदा भिंतीवर लागला त्या दिवशी होतं. काकूंनी तोंड मिटलं. "चहा ठेवते," म्हणाल्या. "अजून लोक येतील."

आले की! जिना वाजतच राहिला. शिंपीमास्तर आले आणि म्हणाले, "बसून बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही." काका म्हणाले, "अहो, उभ्यानं कोण बघतं?" आणि दोघंही एकमेकांवर खूश झाले. पाण्याच्या टाकीची किल्ली ज्यांच्याकडे असे ते टाकीसाहेब आले. त्यांचा एकच मुद्दा: "पाण्याचं काय?"

"वा!" काका खुर्चीतून अर्धे उठले. "मूळ दुखण्यावर बोट ठेवलंत. सगळं पाण्यावरच तर चाललेलं असतं. पाणी नाही म्हणून भांडणं, पाण्यासाठी खून!"

"तेच म्हणतो मी! उद्या हे सुरू झालं की टाकी दुपारीच रिकामी. खून पडतील, खून!" इतकं एकमत टाकीसाहेबांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ते दोन कप चहा पिऊन गेले.

दुसऱ्या मजल्यावरचे वकील मात्र विरोध नोंदवायला आले. "मला जुनंच आवडतं. वाडवडिलांनी जुन्यावरच आयुष्य काढलं. हे नवं खूळ मला मान्य नाही."

"वकीलसाहेब," काकांचे डोळे भरून आले, "मलाही जुनंच आवडतं."

"मग ही नोटीस?"

"सुरुवात नव्यानं करायची, हळूहळू सगळ्यांना जुन्यावर आणायचं."

वकील थक्क झाले. एवढा मुरलेला डावपेच त्यांनी कोर्टातही पाहिला नव्हता. त्यांनी काकांचा हात घट्ट दाबला आणि स्वतःचं नाव यादीत घालून गेले.

आठवडाभरात एकोणीस नावं झाली. एकोणीस शौकीन! काका आता जिना उतरताना एकेक पायरी मोजून, अंगठे पट्ट्यात खोचून उतरत. वाण्यानं "काय देऊ?" विचारलं तर डोळे बारीक करून आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहत आणि मग म्हणत, "अर्धा किलो साखर." रोज दुपारी टेबलाशी बसून प्रत्येकासाठी वेगळी शिफारस लिहीत. वय पाहून, स्वभाव पाहून, गुडघे पाहून. हेडबाईंसाठी चार रात्री विचार करून त्यांनी एक निवडला होता. प्रत्येक शिफारस पाकिटात, पाकिटावर नाव आणि कोपऱ्यात काळ्या शाईनं रेखलेले नाल. पाकिटं समारंभानं द्यायची आणि त्याआधी सगळ्यांना मिळून एक दाखवायचा, असं ठरलं. तशी चिठ्ठी त्यांनी एकोणीस दारांखालून सरकवली:

'येत्या रविवारी दुपारी चार वाजता हॉलमध्ये प्रत्यक्ष दाखवण्यात येईल. एकट्याने बसण्यापेक्षा सर्वांनी एकत्र बसण्यात निराळाच आनंद आहे. अंधार करण्यात येईल. सुरुवातीची चाळीस मिनिटे काही घडत नाही, तरी धीर सोडू नये. शेवट अत्यंत मोकळे करणारा आहे.'

त्या संध्याकाळी एकोणीस घरांत ती चिठ्ठी दोनदा वाचली गेली.

शिंपीमास्तर जिन्यात टाकीसाहेबांना म्हणाले, "एकत्र म्हणजे कसं हो?" टाकीसाहेब म्हणाले, "परदेशात असेल तशी पद्धत. आपण आपलं प्लंबरला बोलावून ठेवू." हॉल मागायच्या अर्जात 'कारण' असा रकाना होता. काकांनी तिथे 'वेस्टर्न' लिहिलं. सचिवांनी अर्ज वाचला, खोकले, चिठ्ठी आठवली, पुन्हा खोकले. "काका, हे सगळं सगळ्यांच्या समोर..."

"सगळ्यांच्या समोर," काका ठामपणे म्हणाले. "लपवण्यासारखं काय आहे त्यात? मी चाळीस वर्षं करतोय."

सचिवांनी सही केली आणि खिडकी उघडली.

रविवार उजाडला. काकूंनी आपण होऊन कपाटातली सगळ्यात मोठी पांढरी चादर काढली, इस्त्री केली आणि हॉलच्या भिंतीवर स्वतः खिळ्यांना अडकवली. आठवडाभर त्यांनी घोड्यांविषयी एक शब्द काढला नव्हता, आणि काकांना हे एवढं एक कळलं नव्हतं की असं का. मेहुण्याच्या ऑफिसातला प्रोजेक्टर स्टुलावर बसला. चारला एकोणीसच्या एकोणीस हजर. हेडबाई काठी टेकत आल्या, वकील कायद्याचं पुस्तक घेऊन आले. सगळे भिंतीपासून शक्य तितक्या दूर बसले.

तेवढ्यात प्लंबर एक भलं मोठं खोकं घेऊन आत आला. "साहेब, कुठे बसवू?"

"कुठेही बसा," काका मोकळेपणानं म्हणाले. वीस झाले! कानोकानी पसरतंय.

"बसू नाही हो, बसवू. नमुना आणलाय."

काकांना वाटलं, बसायचं काहीतरी घेऊन आलाय. तसं ते खरंही होतं. "पुढे ठेवा, पहिल्या रांगेत." प्लंबरनं खोकं फाडलं आणि पांढराशुभ्र, झाकणवाला नमुना चादरीसमोर मांडला. काकांची पाठ होती. ते खिशातलं भाषण शोधत होते. खुर्च्या गुडघ्यांना बुटक्या पडत असल्यामुळे हेडबाईंनी झाकण एकदा तपासलं आणि त्या सरळ त्यावर बसल्या. उंची अगदी बरोबर होती.

"मित्रहो," काका म्हणाले. "या इमारतीत मी सव्वीस वर्षं राहतोय. मला वाटायचं, मी एकटाच आहे. एकट्यानं दार लावून बसायचं, मनातलं कोणाला सांगायचं नाही. घरच्यांनाही त्रास. आज कळलं, माझ्यासारखे आणखी वीस जण आहेत. आज तुम्ही मला जे दिलंत, ते मला नोकरीत मिळालं नाही. आता बोलत नाही. सुरू करू."

दिवे गेले. चादरीवर एक ओसाड गाव उमटलं आणि लांबून एक लंगडा घोडा चालत आला.

अंधारात आधी शिंपीमास्तरांना कळलं. मग टाकीसाहेबांना. मग ते रांगेरांगेनं, खुर्चीखुर्चीनं, कोपरानं कोपराला कळत गेलं. सचिवांना पंधरा शब्द आठवले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. कोणीतरी उठून सांगायला हवं होतं. पण 'मनातलं कोणाला सांगायचं नाही' हे वाक्य अजून हॉलमध्ये लोंबकळत होतं. कोणी उठलं नाही.

चाळीस मिनिटं काही घडलं नाही. गावातली विहीर कोणीतरी दगडांनी बुजवलेली, गाव तहानलेलं. कोणी बुजवली हे सगळ्यांना ठाऊक, आणि कोणीच बोलत नाही. टाकीसाहेब पुढे सरकले. "किल्ली कोणाकडे होती?" ते पुटपुटले. "श्श!" वकील म्हणाले. एकेचाळिसाव्या मिनिटाला पहिली गोळी सुटली आणि प्लंबरनं हातातला पाना छातीशी धरला. पुढे कोणाला काठीची, पुस्तकाची, गुडघ्यांची शुद्ध राहिली नाही. शेवटी भर चौकात एक म्हातारी पुढे आली आणि तिनं विहीर बुजवणाऱ्याचं नाव मोठ्यानं घेतलं, तेव्हा शिंपीमास्तरांनी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

दिवे लागले, आणि काकांनी पहिल्यांदा पुढच्या रांगेकडे नीट पाहिलं.

हेडबाई ज्यावर बसल्या होत्या ते त्यांनी पाहिलं. फाटलेल्या खोक्यावर छापलेला शब्द वाचला. 'वेस्टर्न.' मग 'पांढरं', मग 'पाण्याचं काय', मग 'बसून बघितल्याशिवाय', असं सगळं एकापाठोपाठ एक घोडेस्वारांसारखं त्यांच्या डोक्यात येऊन थांबलं. नालांची ती एकोणीस पाकिटं हातात होती, ती त्यांनी हळूच पाठीमागे नेली.

"तुला माहीत होतं?" त्यांनी काकूंना पुटपुटत विचारलं.

"पातेलं पडलं तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"चाळीस वर्षांत तुम्हाला पहिल्यांदा कोणीतरी विचारलं होतं," काकू चादरीकडे पाहत म्हणाल्या. "मी कशाला मध्ये येऊ?"

काका सगळ्यांकडे वळले. "कोणाला... काही म्हणायचंय?"

एकोणीस जण एकाच वेळी छताकडे पाहू लागले. प्लंबरनंही पाहिलं, त्याला वाटलं, गळतंय. काका वायर गुंडाळायला वाकले. वायर अजून गरम होती, तरी ते गुंडाळत राहिले.

काठी आपटल्याचा आवाज झाला. हेडबाई नमुन्यावरून उठल्या नव्हत्या. उलट आणखी ताठ बसल्या होत्या.

"त्या म्हातारीनं तरी तोंड उघडलं," त्या म्हणाल्या. "इथे दोन वर्षं सगळे 'त्या विषयावर' बोलतायत. नकाशेकाका, सोडा ती वायर आणि इकडे बघा. आम्ही सगळे संडासासाठी आलो होतो."

तो शब्द त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच आला होता. वकिलांच्या हातातलं पुस्तक पडलं. सचिवांनी डोळे मिटले.

"सं-डा-सा-साठी," बाईंनी फळ्यावर लिहावं तसं पुन्हा उच्चारलं. "आणि आता लिहून घ्या, सचिव. दर रविवारी नकाशेकाका सुचवतील तो सिनेमा. आणि इतका वेळ जागचं हलू देत नाही असं काही बघायचं, तर संडास हा लागणारच. तो हाच घ्या, मी पूर्ण सिनेमाभर बसून बघितलाय." मग त्यांनी काकांपुढे हात केला. "माझं पाकीट कुठाय?"